बाल्कनी की बुंधा?

क्रूझला जायचं ठरलं की पहिला प्रश्न काय पडतो? कपडे कुठले न्यायचे! दुसरा? कॅमेऱ्याची जबाबदारी कुणाची! तिसरा प्रश्न मात्र बुकिंगच्या पानावर येऊन उभा राहतो आणि तिथे भलेभले गप्प होतात. केबिन कुठली?

खरं तर जागा पकडण्यात आपल्या पिढीचा हात कुणी धरणार नाही. विमानाचं चेक-इन उघडल्या उघडल्या आपली विंडो सीट पक्की. मल्टिप्लेक्समध्ये शेवटून तिसरी रांग. ऑफिसात एसीच्या झोताखालची खुर्ची सोडून कुठलीही. आणि लोकलबद्दल तर बोलायलाच नको! डोंबिवलीहून रोज चढणाऱ्याला झोपेतून उठवून विचारा, वाऱ्याची खिडकी कुठल्या बाजूला ते अचूक सांगेल. पण जहाज म्हटलं की आपण एकदम कोरे. समोर चार चौकोन असतात : इनसाइड, ओशन व्ह्यू, बाल्कनी आणि स्वीट. चौघांच्या चार किमती. खिसा चाचपायचा, परवडेल त्यातलं सगळ्यात वरचं घ्यायचं, की झालं काम.

पण हे चौकोन फक्त केबिन 'कशी' आहे ते सांगतात. ती जहाजावर 'कुठे' आहे, हे सांगत नाहीत. आणि समुद्रात पाच रात्री काढायच्या असतील तर 'कशी'पेक्षा 'कुठे' जास्त महत्त्वाचं. हे मी इतक्या ठामपणे सांगतेय, कारण आमच्या घरी या 'कुठे'वर आईचं येणं-न येणं अवलंबून होतं.

गेल्या वर्षी दादाने मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझची टूम काढली. दादा, वहिनी, सहा वर्षांचा भाचा, मी आणि आई. आई शाळेतून रिटायर झाली, मग आजीचं आजारपण झालं, त्यात तिची सलग चार-पाच वर्षं गेली. आता कुठे ती मोकळी झाली होती. आम्ही उत्साहाने तिला सांगायला गेलो आणि तिने नेहमीचं वाक्य टाकलं :

"तुम्ही जाऊन या. मी आले तर तुमची ट्रिप बिघडेल."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. महाबळेश्वरला ऐकलं, आंबोलीला ऐकलं. गेटवेवरून मांडव्याची लाँच तासाभराची, त्यालाही हेच. आईला गाडी लागते. घाट लागला की तिचा चेहरा पांढरा पडतो, पर्समधली आवळासुपारी बाहेर येते आणि पुढचा सगळा वेळ ती डोळे मिटून बसते. बाबा होते तेव्हा ते आम्हाला घेऊन जायचे आणि आई घरी थांबायची. आम्हाला त्यात कधी काही खटकलंच नाही. आईला गाडी लागते, विषय संपला!

या वेळी दादा हटून बसला. म्हणाला, "आईला सगळ्यात वरच्या डेकवर बाल्कनी घेऊ. आयुष्यभर आपल्याला खिडकी देऊन मधे बसली ना ती, आता तिला समुद्र दाखवू!" विचार सोन्यासारखा होता. फक्त गाडी लागणाऱ्या माणसाला सगळ्यात वर नेऊन ठेवायचं का, हा प्रश्न माझ्या ऑडिटरच्या डोक्यातून जाईना. मी म्हटलं, बुकिंग मी करते. दोन दिवस दे.

एसटी आणि माड

पहिल्याच दिवशी कळलं की हे शास्त्र आपल्याला आधीपासून येतं. समुद्रात जहाज मुख्यतः दोन प्रकारे हलतं. एक म्हणजे पुढे-मागे : पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली. बागेतल्या सी-सॉसारखं. आता सी-सॉवर सगळ्यात कमी हलतो तो कोण? मधे बसलेला! आणि एसटीत घाटात सगळ्यात जास्त आपटतो तो? शेवटच्या सीटवरचा. म्हणून तर गाडी लागणाऱ्याला कंडक्टर मागे बसू देत नाही.

दुसरं हलणं म्हणजे डावीकडून उजवीकडे डुलणं. त्यासाठी डोळ्यांसमोर माड आणा. वारा सुटला की शेंडा केवढा डोलतो आणि बुंधा? ढिम्म! जहाजाचंही तसंच. जितकं वरचं डेक तितकं डुलणं जास्त. पाण्याच्या जवळचं डेक म्हणजे माडाचा बुंधा.

तेव्हा फॉर्म्युला झाला : एसटीची मधली सीट अधिक माडाचा बुंधा. लांबीत मधे, उंचीत खाली.

आता कुणी म्हणेल, हल्लीच्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात, काही जाणवत नाही. असतात, खरं आहे. पाण्याखाली जहाजाच्या दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखे पंख बाहेर येतात आणि डुलणं बरंच कमी करतात. पण ते आवरतात मुख्यतः डावं-उजवं डुलणं. पुढे-मागे होणारा सी-सॉ त्यांना थांबवता येत नाही. म्हणजे डेक एक वेळ वरचं चालेल, पण टोकाची केबिन नको.

गंमत म्हणजे ही अक्कल जहाजवाल्यांनाही उशिरा आली. जुन्या जहाजांवर बड्या मंडळींच्या खोल्या मागच्या बाजूला असायच्या. शिडाच्या जहाजांपासूनचीच ती रीत. पुढे वाफेची इंजिनं आली, मागे पाण्यात पंखा फिरू लागला, तरी फर्स्ट क्लास आपला तिथेच हादरे खात बसलेला. व्हाइट स्टार लाइन कंपनीने १८७१ मध्ये 'ओशनिक' नावाचं जहाज आणलं आणि त्यावर फर्स्ट क्लास उचलून मध्यावर ठेवला. पुढे १९१२ ची 'टायटॅनिक' निघाली ती याच कंपनीची. तिच्यावरही श्रीमंतांच्या खोल्या मधोमध होत्या आणि थर्ड क्लास पुढच्या आणि मागच्या टोकांना. म्हणजे कमी हलणारी जागा ही पैसेवाल्यांची जागा होती.

आज काय झालंय? बाल्कनी आणि उंची महाग झाली, आणि मधली, खालची खिडकीची केबिन तिच्या मानाने स्वस्त राहिली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या शेठजींनी डोळे मिटून निवडली असती ती जागा आज आपल्या पगारात बसते. घ्या की मग!

वर काय, खाली काय?

दुसऱ्या दिवशी मी जहाजाचा डेक प्लॅन लॅपटॉपवर उघडला आणि एक्सेलची शीट केली. (हसू नका. तुम्हीही केली असती.) डेक प्लॅन म्हणजे इमारतीचा मजल्यांचा नकाशाच. फ्लॅट घेताना आपण बघतो ना, वर गच्ची आहे का, खाली दुकान आहे का, लिफ्टची मोटर भिंतीला लागून आहे का? अगदी तेच बघायचं.

केबिनच्या बरोबर वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याचे आवाज तुमच्या उशीवर. वर किचन असेल तर ट्रॉल्या. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री एकपर्यंत धडधड. सगळ्यात उत्तम म्हणजे सँडविच : वरही केबिन, खालीही केबिन. झोपणाऱ्यांच्या मधे झोपा.

लिफ्ट जवळ हवी, पण चिकटून नको. आईच्या गुडघ्यांना लांबच लांब कॉरिडॉर झेपणार नव्हता, म्हणून मी लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून शोधत होते. दोन केबिनच्या मधे दार असलेल्या जोड-खोल्या असतात. कुटुंबाला त्या छान, पण शेजारी अनोळखी असले तर त्यांचं घोरणं त्या दाराच्या फटीतून आपल्याकडे. खिडकीची केबिन स्वस्तात मिळत असेल तर आधी नकाशात बघा, समोर लाइफबोट टांगलेली आहे का. समुद्राचे पैसे भरून पाच दिवस बोटीचं बूड बघत बसायचं म्हणजे...

पुढच्या टोकाच्या केबिनचं आणखी एक आहे. धक्क्याला लागताना जहाजाला आडवं सरकवायला पुढे पाण्याखाली पंखे असतात, ते सुरू झाले की खालच्या डेकवर घरघर ऐकू येते. आणि नांगराची साखळीही पुढेच. लक्षद्वीपला हा मुद्दा महत्त्वाचा, कारण तिथे बेटांभोवती प्रवाळाचे खडक आणि उथळ पाणी. एवढं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटींतून माणसं बेटावर जातात. सकाळी सकाळी साखळीचा खडखडाट हवा असेल तर पुढची केबिन जरूर घ्या! मागच्या टोकाला इंजिन आणि पंख्याची थरथर असते. पुन्हा उत्तर तेच. मधे.

एक स्वस्तातला पर्यायही दिसला. केबिनचा प्रकार तुम्ही सांगायचा, नंबर कंपनी देणार. कॉलेजच्या ग्रुपला हा पर्याय झक्कास. कुठेही टाका, आम्ही झोपणारच नाही! पण आमच्यासाठी नंबर हाच सगळा मुद्दा होता, त्यामुळे त्याला काट.

फोनवरचा मुलगा मला समजावत होता, "मॅडम, एकाच कॅटेगरीतल्या सगळ्या केबिन सेमच असतात." मी म्हटलं, "बरोबर. मग मला ही सेमवाली द्या," आणि नंबर सांगितला.

डावी की उजवी?

शीटमध्ये चौथा डेक, मधोमध, वर-खाली केबिन, असे दोन नंबर उरले. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. आता?

मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला जातं. म्हणजे डावीकडे पूर्व, जमीन आणि सूर्योदय. उजवीकडे पश्चिम, नुसता समुद्र आणि सूर्यास्त. परतताना सगळं उलट. डाव्या बाजूची केबिन घेतली तर जाताना सूर्योदय आणि येताना सूर्यास्त, दोन्ही पदरात.

या डाव्या-उजव्यावरून एक झकास गोष्ट सांगतात. आपण 'पॉश' म्हणतो ना, तो शब्द म्हणे इंग्लंड-मुंबई बोटींवरून आला. साहेब लोक हिंदुस्थानात येताना जहाजाची डावी बाजू घ्यायचे आणि परत जाताना उजवी, उन्हाचा त्रास नको म्हणून. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' अशी तिकिटावर आद्याक्षरं, तीच पी-ओ-एस-एच! ऐकायला बहारदार आहे, पण शब्दकोशवाले ही गोष्ट मानत नाहीत. तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. तरी गोष्ट टिकली, कारण बाजू निवडायची असते हे कुणालाही पटतं.

मी आईला विचारलं, "डावीकडची खिडकी हवी की उजवीकडची?" म्हटलं, आता 'कुठलीही चालेल' येणार.

आई म्हणाली, "देवगड कुठल्या बाजूला येईल?"

मी बघतच राहिले. देवगड तिचं माहेर. पण ती येते की नाही हेच अजून ठरलेलं नव्हतं, आणि इथे बाजू विचारली जात होती! "डावीकडे," मी म्हटलं. "पण जहाज किनाऱ्यापासून खूप लांबून जाईल गं, आणि रात्र असेल. काही दिसायचं नाही."

"नाही दिसलं तरी चालेल," ती म्हणाली. "बाजू डावी घे. आणि सांग मला, खिडकी उघडते का?"

खिडकी उघडत नाही. पाण्याच्या जवळच्या डेकवर खिडक्या पक्क्या बसवलेल्या असतात. तेही मी तिला खरं सांगितलं. मोकळी हवा हवी असेल तर बाल्कनी, नाही तर उघडं डेक. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "दार आतून लागतं ना?"

"अगं, लागतं की! बाथरूमही आतच आहे."

"मग बघ," ती म्हणाली. आमच्याकडे 'मग बघ' म्हणजे होकार.

दादाने स्वतःसाठी वरची बाल्कनी घेतली. आईला बाल्कनी 'नाकारल्याबद्दल' माझ्यावर थोडा रुसलाच. मी आणि आई चौथ्या डेकवर. दोन केबिनमधल्या फरकाचे पैसे मी बाजूला ठेवले नाहीत, लक्षद्वीपला आईसाठी काचेचा तळ असलेल्या बोटीची फेरी बुक केली.

औषधाचंही बघून घेतलं. आमच्या डॉक्टरांनी आईच्या बीपीच्या गोळ्या पाहून अ‍ॅव्होमिनचा डोस लिहून दिला. ही गोळी निघायच्या आधी घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, आणि तिने झोप येते. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र घेऊ नका. मळमळ मुळात होते कशाने? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, आपण हलतोय. केबिनच्या भिंती बघणारे डोळे सांगतात, छे, सगळं स्थिर आहे. या भांडणात पोटाचं मरण! म्हणून क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं. तिथे डोळ्यांनाही हलणं कळतं आणि दोघांचं एकमत होतं. बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त असूनही मी सोडली ती यासाठी. आणि मळमळीला इंग्रजीत 'नॉशिया' म्हणतात ना, त्याचं मूळ ग्रीकमधल्या जहाजाच्या शब्दात आहे. हा त्रास माणसाला किती जुना आहे बघा!

रात्री दोन वाजता

पहिली रात्र निवांत गेली. हिवाळ्यात आपला अरबी समुद्र बराच शहाण्यासारखा वागतो. त्याचे खरे रंग पावसाळ्यात, म्हणून तर जून लागला की मच्छिमार बोटी बंद आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ वाहून त्याची मनधरणी करतात. गोवा झालं, आई मजेत फिरली. दादाच्या बाल्कनीत सूर्योदय बघत चहाही प्याली आणि म्हणाली, "छान आहे हो तुझी बाल्कनी!" दादा खूश.

गोवा सोडल्यावर मात्र मोकळा समुद्र सुरू झाला. संध्याकाळपासून लाटा लांबलचक येऊ लागल्या. वादळबिदळ काही नाही, पण जहाज एका संथ लयीत वर-खाली व्हायला लागलं. जेवताना वहिनीने ताट बाजूला सारलं. आई दहीभात खाऊन, गोळी घेऊन लवकर झोपली.

रात्री दोनला मला जाग आली तर आई खिडकीशी बसलेली. पोटात गोळाच आला माझ्या. "मळमळतंय का गं?"

"थोडं ढवळतंय."

क्षितिज बघ म्हणायची सोय नव्हती. रात्री क्षितिज नसतं, खिडकी म्हणजे काळी पाटी. अशा वेळी उपाय एकच, सपाट पडायचं आणि डोळे मिटायचे. तिला आडवं केलं. डोक्याखालची उशी काढली. आणि डोळे मिटल्या मिटल्या ती बोलायला लागली.

"बहात्तर सालची गोष्ट. अकरा वर्षांची होते मी. मे महिना संपत आलेला, पावसाळ्यासाठी बोट बंद व्हायच्या आधीची शेवटची फेरी. आजीबरोबर देवगडहून मुंबईला निघाले. पडावातून बोटीवर चढलो तोवर चांगल्या जागा गेलेल्या. आम्हाला खालच्या डेकवर मागे जागा मिळाली, इंजिनच्या जवळ. तेलाचा वास, गरम हवा आणि धडधड. बोट सुटली आणि मला उलट्या सुरू झाल्या. आजीने जवळ घेतलं. पण एकदा आवरलंच नाही मला. शेजारच्या बाईंच्या वळकटीवर झालं."

मी गप्प.

"त्या बाई काय ओरडल्या! पोरीला सोसत नाही तर आणता कशाला, सगळ्यांचा प्रवास बिघडवला. सगळं डेक माझ्याकडे बघत होतं. आजी बिचारी आपल्या लुगड्याच्या पदराने पुसत होती. मुंबई येईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत."

मला दोन क्षण काही बोलता आलं नाही. तिचं ते वाक्य... 'मी आले तर तुमची ट्रिप बिघडेल.' ते आईचं नव्हतंच! ते त्या बाईंचं होतं. पन्नासहून अधिक वर्षं आई दुसऱ्याचं वाक्य सांभाळत घरी थांबली होती. तिला भीती उलटीची नव्हती. चारचौघांत होण्याची होती. आणि म्हणून तिने मला बाकी सगळं सोडून दार आतून लागतं का, ते विचारलं होतं.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरं आहे. इथे फार हलत नाही गं. आणि झालंच असतं तर काय? आपलीच चादर," ती म्हणाली आणि पाच मिनिटांत झोपली.

दहाएक मिनिटांनी दारावर टकटक. बाहेर दादा, खांद्यावर भाचा. "वर फार हलतंय, हा दोनदा ओकला. झोपू दे तुमच्याकडे." भाच्याला मधे घेतलं. आई झोपेतच सरकली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुटपुटली, "काही नाही होत रे बाळा. होऊ दे झालं तर."

रात्रीची केबिन, दिवसाचं जहाज

दादाची बाल्कनी वाईट होती का? मुळीच नाही. सकाळी समुद्र शांत झाल्यावर आम्ही सगळे तिथेच जाऊन बसलो. वारा, चहा, पायाखाली पाणी... स्वर्ग! पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दिवसा अख्खं जहाज आपलं असतं. सूर्योदयाला वरचं डेक आहे, वाऱ्याला मागचं डेक आहे, दृश्याला लाउंजच्या काचा आहेत. तिकीट खालच्या केबिनचं आहे म्हणून तिथून कुणी उठवत नाही. आपली केबिन फक्त रात्री आपल्या वाट्याला येते. तेव्हा ती रात्रीसाठीच निवडायची.

आणि कुणाच्या रात्रीसाठी? आपण सहसा निवड करतो ती ग्रुपमधल्या सगळ्यात उत्साही माणसाच्या मनाने. जो फोटो काढणार, जो स्टेटस टाकणार, जो 'वन्स इन अ लाइफटाइम' म्हणणार. त्याला कुठेही मजा येणारच आहे! निवड करावी ती सगळ्यात कच्च्या झोपेच्या माणसाच्या हिशेबाने. ज्याला गाडी लागते, ज्याचे गुडघे दुखतात, जो रात्री तीनदा उठतो, आणि विचारलं तर 'कुठेही चालेल' म्हणतो. हे 'कुठेही चालेल' म्हणणारं माणूस प्रत्येक घरात एक असतं. त्याला पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्या वेळी वेगळं उत्तर येतं.

तुम्ही दोघंच असाल, पंचविशीत असाल, कुणालाच काही लागत नसेल तर घ्या बिनधास्त वरची बाल्कनी. डोला शेंड्यावर! हनिमूनला जाऊन बुंध्याशी बसा असा सल्ला मी कशाला देऊ? फक्त वर पूल नाही ना, एवढं नकाशात बघून घ्या.

लक्षद्वीपला जहाज थांबलं. छोट्या बोटीत उतरताना आई क्षणभर थबकली, मग खलाशाचा हात धरून उतरली. म्हणाली, "पडावासारखंच आहे की." काचेच्या तळाच्या बोटीतून तिने प्रवाळ बघितले, निळे मासे बघितले आणि भाच्याला प्रत्येकाचं नाव काय असेल ते तिच्या मनाने सांगत बसली. शिक्षिकाच ती. परतीच्या वाटेवर आमची डावी खिडकी पश्चिमेला आली. सूर्य मावळेपर्यंत आई तिथून हलली नाही.

परवा मी ऑफिसातून आले तर आई फोनवर. पलीकडे मावशी. तिलाही प्रवास सोसत नाही, हे आमच्या घराण्यातच आहे.

"अगं, वरची बाल्कनी म्हणतील, तू ऐकू नकोस," आई सांगत होती. "चौथा डेक सांग. मधली केबिन, लिफ्टपासून चार दारं सोडून. वर-खाली केबिनच असल्या पाहिजेत, नकाशा बघून घे म्हणावं. आणि बाजू डावी... हो, डावीच. देवगड त्या बाजूला येतं. दिसत नाही गं, पण आपल्याला माहीत असतं ना! आणि घाबरू नकोस. दार आतून लागतं."

मावशी मार्चमधल्या तारखा बघतेय.